पोर्टो रिकोचे मेयर कमी नका करू, त्यांना लगाम घाला

मी मूळचा चिपळूणचा. औषध कारखान्यांमध्ये मशीन आणि प्रोसेसचं व्हॅलिडेशन करतो, आणि त्याच कामासाठी 2016 पासून तीन वर्षं पोर्टो रिकोला, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर राहिलो. आपल्याकडची फार्मामधली बरीच मंडळी तिथे कॉन्ट्रॅक्टवर जाऊन आलेली आहेत, कारण अमेरिकेत विकली जाणारी कितीतरी औषधं त्या एका बेटावर तयार होतात. तर तिथे असल्यापासून एक वाद मी सतत ऐकत आलोय, अजूनही तिथल्या मित्रांशी बोलणं झालं की तो निघतोच, आणि त्यावर माझं पक्कं मत आहे म्हणून हे लिहितोय.

वाद असा की एवढ्याशा बेटाला 78 मेयर कशाला?

बेट किती मोठं ते आपल्या हिशोबात सांगतो. आपला रत्नागिरी जिल्हा साधारण 8,200 चौरस किलोमीटर, पोर्टो रिको साधारण 8,900. म्हणजे रत्नागिरीपेक्षा थोडंसंच मोठं, माणसं 2020 च्या जनगणनेत 32 लाख 85 हजार. एवढ्या जागेत 78 मुनिसिपिओ. मुनिसिपिओ म्हणजे फक्त शहर नाही हं, त्यात मधलं गाव, आजूबाजूच्या वाड्या, डोंगर, किनारा सगळं येतं, त्यामुळे आपल्या तालुक्याची कल्पना डोळ्यासमोर आणा, ते जास्त जवळचं आहे. 78 तालुके आणि प्रत्येक तालुक्याला लोकांनी थेट मतदान करून निवडलेला एक मेयर, ज्याला ते अल्काल्दे म्हणतात, आणि त्याचं ऑफिस म्हणजे अल्काल्दिया, बहुतेक गावांत चर्चसमोरच्या चौकात. तिथल्या चौकाला प्लासा म्हणतात, संध्याकाळी सगळी म्हातारी मंडळी तिथेच बसलेली असतात.

आणि हा मेयर आपल्या महापौरासारखा नुसता मानाचा नसतो. कचरा, गावातले रस्ते, म्युनिसिपल पोलीस, अँब्युलन्स, म्हाताऱ्यांना घरपोच जेवण, क्रीडांगणं, टेंडर, माणसं कामावर घेणं, बजेट, हे सगळं त्याच्या हातात. 1991 मध्ये स्वायत्त मुनिसिपिओंचा कायदा झाला तेव्हा आणखी अधिकार मिळाले, मग 2020 मध्ये सगळे कायदे एकत्र करून म्युनिसिपल कोड आला. चार वर्षांची मुदत, निवडणूक गव्हर्नरबरोबर एकाच दिवशी, नोव्हेंबरमध्ये.

आता पैशाची तंगी आली की कोणीतरी उठून म्हणतंच, जोडून टाका गावं, 78 चे 20 करा, एवढे पगार, एवढ्या गाड्या, एवढी ऑफिसं कशाला पोसायची. ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं. मलाही पहिल्या वर्षी तेच वाटायचं. सप्टेंबर 2017 नंतर नाही वाटलं.

20 सप्टेंबर 2017, पहाटे सव्वासहाच्या सुमारास मारिया चक्रीवादळ आग्नेयेला याबुकोआजवळ जमिनीवर आलं, ताशी 250 किलोमीटरच्या आसपास वारा. मी पूर्व किनाऱ्यालाच एका गावात राहायचो, गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरतं हे 2005 मध्ये बघितलेलं होतं, पुढे 2021 मध्ये तर आईबाबांनी पूर्ण रात्र माळ्यावर काढली, त्यामुळे पुराची भीती माहितीये. पण तो वारा वेगळा होता. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर डोंगर तपकिरी, एका झाडावर पान नाही. लाईट नाही, पाणी नाही, मोबाईलचे जवळजवळ सगळे टॉवर आडवे. गव्हर्नर कुठे आहे, वॉशिंग्टन काय करतंय, काही कळायला मार्ग नाही. आणि त्यांनाही आमचं काही कळायला मार्ग नव्हता, कारण मेयर लोकांना स्वतः गाडी काढून, पडलेली झाडं चुकवत, राजधानी सान हुआनच्या कन्व्हेन्शन सेंटरला जावं लागत होतं, आमच्या गावात काय झालंय हे सांगायला.

मी तिसऱ्या दिवशी चालत अल्काल्दियाला गेलो. जनरेटर फक्त तिथे आणि त्याच्या मागच्या इमर्जन्सी ऑफिसात चालू होता. अंगणात एक टेबल टाकलेलं, त्यावर एक बाई शाळेच्या रेघांच्या वहीत नावं लिहीत होती, घर नंबर नाही, "निळ्या गेटच्या मागे, आंब्याच्या झाडाशेजारी" असे पत्ते. आतल्या फ्रिजमध्ये लोकांचं इन्सुलिन ठेवलेलं, प्रत्येक डबीला चिकटपट्टी आणि त्यावर पेनने नाव. माझ्या शेजारची आजी, वय 70 च्या पुढे, तिचं इन्सुलिन त्याच फ्रिजमध्ये होतं आणि ती रोज सकाळी आठला काठी टेकत तिथे जायची. मेयर गमबूट घालून मागच्या बाजूला ट्रकमधून पाण्याची खोकी उतरवत होता. फोटो काढायला कोणी नव्हतं तिथे, कॅमेऱ्याची बॅटरीच कोणाकडे नव्हती.

त्या महिन्याभरात मला जे सरकार दिसलं ते एवढंच. बाकीचं सरकार असेल कुठेतरी, पण चालत जाऊन गाठता येईल असं सरकार ते एकच होतं.

आणि माझ्या एकट्याच्या गावाची गोष्ट नाही ही. सान सेबास्तियान म्हणून वायव्येला एक गाव आहे, त्याला लाडाने पेपिनो म्हणतात. तिथला मेयर हाव्हिएर हिमेनेस, वीज कंपनी काही येत नाही म्हटल्यावर त्याने गावातले रिटायर झालेले लाईनमन, इलेक्ट्रिशियन, म्युनिसिपालिटीचे कामगार गोळा केले आणि खांब उभे करायला सुरुवात केली. लोकांनी त्याला नाव दिलं पेपिनो पॉवर अथॉरिटी. हजारो घरांची वीज त्या लोकांनी परत आणली, तेव्हा बेटाच्या कितीतरी भागात अंधार होता आणि शेवटच्या घरांपर्यंत लाईट पोचायला जवळपास वर्ष लागलं. सरकारी मृतांचा आकडा कितीतरी महिने 64 वर अडकला होता, शेवटी ऑगस्ट 2018 मध्ये 2,975 मान्य केला. म्हणजे बरीचशी माणसं वाऱ्याने नाही, नंतर गेली, लाईट नाही, औषध नाही, दवाखाना बंद म्हणून गेली. त्या नंतरच्या महिन्यांत जवळ कोण होतं हाच खरा प्रश्न आहे ना मग?

उतुआदोच्या डोंगरात रिओ आबाहो म्हणून वस्ती आहे, तिथला पूल वाहून गेला तर लोकांनी नदीवर वायर बांधून तिच्यावरून सुपरमार्केटची शॉपिंग कार्ट ओढत सामान नेलं. एका तालुक्याच्या आतच ही अवस्था. आता विचार करा, या लोकांचं मुख्य ऑफिस दोन तालुके पलीकडे नेऊन ठेवलं असतं तर? नकाशावर पट्टी ठेवून गावं जोडणाऱ्यांना नद्या दिसत नाहीत. 1902 मध्ये अमेरिकन राजवटीत हा प्रयोग करूनही झालाय, छोटी गावं शेजारच्यात विलीन केली, लोकांनी ते मानलं नाही, आणि 1905 मध्ये परत फिरवावं लागलं. उलट नंतर गावं वाढत गेली, शेवटचं 78 वं फ्लोरिडा नावाचं, ते 1971 मधलं.

यामागे आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्याला चटकन कळत नाही, मला पण उशिरा कळली. 1898 मध्ये स्पेनकडून हे बेट अमेरिकेकडे गेलं. 1917 पासून तिथली माणसं अमेरिकन नागरिक. पण बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही, वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये एक प्रतिनिधी बसतो त्याला अंतिम मतदानाचा हक्क नाही. स्वतःचा गव्हर्नर निवडायला त्यांना 1948 पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा लुईस मुन्योस मारिन निवडून आला, त्याच्याआधी पन्नास वर्षं गव्हर्नर वरून पाठवला जायचा. आणि 2016 मध्ये कर्ज एवढं वाढलं की ओबामांच्या सहीने एक कायदा आला आणि सात जणांचं आर्थिक नियंत्रण मंडळ बसलं, कोणीही न निवडलेलं, त्याला तिथे सगळे नुसतं हुंता म्हणतात. गव्हर्नरने बजेट केलं तरी हुंताने नाही म्हटलं की नाही.

म्हणजे बघा, सगळ्यात वरच्याला मत देता येत नाही, मधल्याला मत दिलं तर त्याच्या डोक्यावर दुसरा बसलेला. उरला कोण? ज्याला मत पण देता येतं आणि दुसऱ्या दिवशी प्लासामध्ये अडवून "माझ्या रस्त्याचं काय झालं" विचारता पण येतं, असा एकच माणूस उरतो. त्याला खर्च कमी करायच्या नावाखाली काढायचं म्हणजे त्या लोकांकडे लोकशाही म्हणून जे काही शिल्लक आहे त्यातलाच तुकडा काढायचा. माझा विरोध तिथे आहे.

या पदावर बसून माणूस काय करू शकतो याचं उदाहरण हवं असेल तर कुलेब्रा आणि व्हिएकेस बघा. मुख्य बेटाच्या पूर्वेला असलेली ही दोन छोटी बेटं, कुलेब्राची लोकसंख्या आज अठराशेच्या आसपास, व्हिएकेसची आठ हजारांच्या. दोन्हीकडे अमेरिकन नौदल कित्येक वर्षं बॉम्बफेकीचा सराव करायचं. 1970-71 च्या सुमारास कुलेब्राचा मेयर रामोन फेलिसियानो लोकांबरोबर उभा राहिला आणि 1975 मध्ये नौदलाला तिथला सराव थांबवावा लागला. मग व्हिएकेस. एप्रिल 1999 मध्ये सरावातला बॉम्ब चुकून तिथल्या एका गार्डच्या जवळ पडला, तो गेला, आणि सगळं बेट संतापाने पेटून उठलं. 2001 मध्ये मेयर दामासो सेरानो नौदलाच्या हद्दीत घुसला म्हणून त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली, पदावर असलेला मेयर तुरुंगात गेला. 1 मे 2003 ला नौदल व्हिएकेसमधून निघालं. आठ हजार माणसांचा मेयर आणि समोर जगातलं सगळ्यात ताकदवान नौदल. व्हिएकेस समोरच्या एखाद्या मोठ्या गावात विलीन केलेलं असतं तर त्या गावाच्या मेयरने चार महिने आत काढले असते का? मला नाही वाटत, त्याची मतं दुसरीकडे असती.

आणि फेलिसा रिंकोन दे गाउतिए, ती सान हुआनची मेयर, 1946 ते 1968. बायकांना मताचा हक्क मिळाल्यावर सगळ्यात आधी नाव नोंदवणाऱ्यांपैकी एक. ठरलेल्या दिवशी सिटी हॉलची दारं उघडी, कोणीही यावं आणि आपलं गाऱ्हाणं सांगावं. लहान मुलांसाठी तिने ज्या शाळा काढल्या त्यांचा दाखला पुढे अमेरिकेतल्या गरीब घरच्या लहान मुलांसाठीच्या हेड स्टार्ट योजनेच्या बाबतीत दिला जातो. बर्फ कधीच न बघितलेल्या मुलांसाठी तिने विमानाने बर्फ मागवला होता, ती गोष्ट तिथली म्हातारी माणसं अजून डोळे मोठे करून सांगतात.

आता दुसरी बाजू, कारण ती मी लपवली तर माझं म्हणणं अर्धं खोटं होईल.

2021 च्या शेवटी कातान्योच्या मेयरने, फेलिक्स देल्गादोने, राजीनामा दिला आणि रस्त्यांच्या कंत्राटदाराकडून लाच घेतल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला. काही दिवसांतच ग्वायनाबोचा मेयर आंखेल पेरेस पकडला गेला, 2023 मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. आणि हे दोघेच नाहीत, त्या वर्ष-दीड वर्षात आणखी काही मेयर पकडले गेले, दोन्ही मोठ्या पक्षांचे. लोकांचा संताप किती होता ते मी फोनवर ऐकलंय. डांबर आणि कचरा, दोन्हीचं टेंडर मेयरच्या सहीने, आणि त्याच दोन ठिकाणी पैसा खाल्ला गेला.

घराणेशाही तर विचारूच नका. बायामोनमध्ये रामोन लुईस रिव्हेरा 1977 ते 2001 मेयर, आणि 2001 पासून त्याच नावाचा त्याचा मुलगा. काग्वासमध्ये विल्यम मिरांडा मारिन 2010 मध्ये गेला, मुलगा मेयर झाला. कारोलिनामध्ये आपोन्ते बाप 2007 मध्ये गेला, मुलगा मेयर झाला. ही काही लहान गावं नाहीत, बेटावरची मोठी शहरं आहेत. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, प्रत्येक जिल्ह्यात अशी आडनावं आपल्याला पाठ आहेत.

आणि मी स्वतः बघितलेलं पण सांगतो. वादळानंतर छपरं उडालेल्या घरांसाठी निळ्या ताडपत्र्या यायच्या. आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला एक कुटुंब राहायचं, दुसऱ्या पक्षाचं, दर निवडणुकीत घरावर झेंडा लावणारं. त्यांचं नाव वहीत दोनदा लिहिलं गेलं आणि दोनदा ताडपत्री आली नाही. चूक होती का मुद्दाम होतं मला माहीत नाही, वही लिहिणारी बाई मला तरी प्रामाणिक वाटली. पण त्या घरातल्या बाईने मला सांगितलं, "आम्हाला नाही मिळणार, चार वर्षं थांबायला लागेल," आणि ते ती इतक्या सहज बोलली, पाऊस आज येणार नाही म्हणावं तसं. एखाद्या बाईला ताडपत्रीसाठी पुढच्या निवडणुकीची वाट बघावी लागेल असं मनापासून वाटतं तिथे पद्धतीतच काहीतरी सडलंय.

काय सडलंय ते माझ्या मते निवडणुकीत आहे, मेयरच्या संख्येत नाही.

मतदान कसं होतं बघा. मतदाराला तीन कागद मिळतात, एक गव्हर्नरचा, एक विधिमंडळाचा, एक म्युनिसिपल. प्रत्येक कागदावर वर पक्षांची चिन्हं. अमेरिकेचं राज्य व्हायचंय म्हणणाऱ्या पक्षाचं ताडाचं झाड, आहे तसं राहू दे म्हणणाऱ्या पक्षाची पावा, म्हणजे शेतकऱ्याची गवती टोपी. चिन्हाखाली एक फुली मारली की त्या कागदावरच्या सगळ्या उमेदवारांना एकदम मत. बेटाने अमेरिकेचं राज्य व्हावं की नाही हा प्रश्न गव्हर्नरच्या कागदावर ठीक आहे, पण माझ्या गल्लीतलं गटार कोण साफ करणार याच्याशी ताडाच्या झाडाचा काय संबंध? तरी माणूस सवयीने तीनही कागदांवर तीच फुली मारतो. मेयर चांगला असून पक्षाच्या लाटेत पडतो, आणि वाईट असून लाटेत तरतो. मेयर लोकांच्या संघटना पण पक्षाप्रमाणे दोन आहेत, एका पक्षाच्या मेयरांची फेडरेशन आणि दुसऱ्याची असोसिएशन. एकाच नदीच्या दोन काठांवरचे मेयर दोन वेगळ्या संघटनांत, पूर आला की कोणी कोणाला फोन करायचा?

मग गावाची लेजिस्लातुरा, आपल्या भाषेत नगरपरिषदच. मोठ्या गावांत 16 जागा, आणि एका पक्षाला जास्तीत जास्त 13 उमेदवार उभे करता येतात. त्यामागचा हेतू चांगला, की निदान तीन तरी विरोधक आत बसावेत. पण होतं काय, मेयरच्या पक्षाचे 13 च्या 13 निवडून येतात, कारण फुली एकच. 13 विरुद्ध 3. सभासदांना पगार नाही, फक्त बैठकीचा भत्ता. बजेट वाचायला, टेंडर तपासायला त्यांच्याकडे माणूस कुठे असतो? मेयरने आणलेला कागद पास होतो. कातान्यो, ग्वायनाबोमध्ये जे घडलं ते शोधून काढायला एफबीआय लागावी लागली, गावातल्या गावात कोणी हात धरायला नव्हता, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं दुखणं हे आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की म्युनिसिपल कागदावरची चिन्हं काढून टाका. तो कागद आधीच वेगळा आहे, नवा खर्च काही नाही, निवडणूक त्याच दिवशी ठेवा म्हणजे मतदान पण पडणार नाही. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत मेयर बिनपक्षाच्या कागदावरच निवडला जातो, तिथे आकाश कोसळलेलं नाही. परिषदेच्या जागा मतांच्या प्रमाणात द्या, 45 टक्के मतं मिळवणाऱ्या बाजूला 3 जागा हा हिशोब कुठल्याच शाळेत बरोबर धरणार नाहीत. आणि परिषदेच्या हाताखाली, मेयरच्या नाही, असा एक हिशोब तपासनीस नेमा.

यावर मला तिथल्याच एका मित्राने चांगला प्रश्न विचारला होता. चिन्ह काढलं की ओळखीचं आडनावच जिंकेल, घराण्यांचं आणखी फावेल, मग काय करशील? बरोबर आहे त्याचं. पक्ष नसला की नवख्याला घरोघर जायला माणसं मिळत नाहीत, आणि ज्याच्या बापाचं नाव स्टेडियमवर आहे त्याला जायचीच गरज नसते. म्हणून नुसतं चिन्ह काढून भागणार नाही, एका माणसाला तीन टर्म म्हणजे 12 वर्षं पुरे, आणि बाप पायउतार झाल्यावर निदान एक टर्म घरातल्या कोणाला नाही. हे दुसरं कोर्टात टिकेल की नाही यावर वकील भांडतील, पहिलं तर सहज करता येईल. फेलिसाच्या 22 वर्षांचं मला कौतुक आहे, तरीही म्हणतो, 12 पुरे. फेलिसासारखी एक निघते, तिच्यासाठी बाकी सगळ्यांना 20-20 वर्षं देत बसायचं का?

आता पैसे. गावं जोडा म्हणणारे नेहमी म्हणतात छोट्या गावांना स्वतःचं उत्पन्न नाही. नाहीये, खरंय. पण का नाहीये ते बघा. घरपट्टी तिथे अजूनही 1957-58 च्या किमतींवर बसते, म्हणजे आज बांधलेल्या समुद्रकाठच्या बंगल्याचं मूल्य पण त्या काळच्या हिशोबाने धरायचं. विक्रीकर साडेअकरा टक्के, त्यातला एक टक्का गावाला. वरच्या सरकारकडून मुनिसिपिओंना मिळून वर्षाला 22 कोटी डॉलरच्या आसपास मदत मिळायची, ती हुंताने टप्प्याटप्प्याने शून्याकडे न्यायचं ठरवलं, आणि हे ठरलं ते मारियाच्याच सुमाराला. 2019 मध्ये विधिमंडळाने गावांचा पेन्शन आणि आरोग्य विम्याचा बोजा उतरवणारा कायदा केला, तर हुंता कोर्टात गेली आणि 2020 मध्ये तो कायदा रद्द झाला. आधी पाय बांधायचे आणि मग म्हणायचं याला पळता येत नाही, काढा याला. मालमत्तेचं नवीन मूल्यांकन करा, मोठ्या हॉटेलांपासून सुरुवात करा, आणि मग बघू कुठलं गाव खरंच चालत नाही.

काही कामं एकत्र करावीत याला माझा अजिबात विरोध नाही. कचरा डेपो, रस्त्याचं डांबर, सॉफ्टवेअर, अँब्युलन्स, चार-पाच गावांनी मिळून करा, टेंडर मोठं आणि उघड होईल, एकट्या मेयरच्या टेबलावर ठरणार नाही. उलट काही गोष्टी मेयरकडे द्यायला हव्यात त्या दिलेल्याच नाहीत. व्हिएकेसला जायची फेरी बोट मी तिथे होतो तेव्हा सरकारी खातं चालवायचं, 2018 मध्ये तिचा धक्का फाहार्दोहून सेइबाला हलवला. ती बोट म्हणजे तिथल्या लोकांची एसटी, दवाखाना, बाजार, कॉलेज सगळं त्या बोटीवर, आणि तिच्या वेळापत्रकावर व्हिएकेसच्या मेयरचा अधिकार शून्य. मी एकदा शनिवारी गेलो होतो, बोट रद्द झाली, रांगेत एक बाई डायलिसिस करून परत घरी निघालेली, खाली सिमेंटवर बसून होती. मारियात व्हिएकेसचा दवाखाना मोडल्यावर डायलिसिससाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागायचा. तिने शिव्या कोणाला घातल्या? मेयरला. कारण तो एकच तिच्या ओळखीचा.

अधिकार काढून घेतलेला मेयर कसा दिसतो हे बघायला अमेरिकेचंच दुसरं बेट आहे, पॅसिफिकमधलं ग्वाम. 1,53,000 माणसं, 19 गावं, प्रत्येक गावाला लोकांनी चार वर्षांसाठी निवडलेला मेयर. पण त्याला कर लावता येत नाही, गावापुरता नियम करता येत नाही, पैसे विधिमंडळ देईल तेवढे. तो रहिवासी दाखला देतो, गवत कापून घेतो, जुने फ्रिज उचलतो, वादळात कम्युनिटी सेंटर उघडतो. मे 2023 च्या मावार वादळात ही मेयर मंडळी लोकांसाठी धावली, त्याबद्दल आदरच आहे. पण थेट निवडून यायचं आणि हातात झाडू सोडून काही नाही, हे त्या माणसावर पण अन्याय आणि मतदारावर पण. डेडेडो नावाचं गाव 45 हजारांच्या आसपास आणि उमाटाक सातशेच्या पण आत, दोघांना एकाच मापाचा मेयर.

आपल्याकडे हे वाचणाऱ्याला वाटेल आम्हाला काय त्याचं. तर 2016-17 मध्ये आपण नगराध्यक्ष आणि सरपंच थेट निवडायला लागलो, 2020 मध्ये ते रद्द केलं, 2022 मध्ये परत आणलं. प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारला गेला, कुठल्या पक्षाला फायदा. थेट निवडलेल्या माणसाला नाही कोण म्हणणार, त्याच्या तिजोरीत काय असणार, याच्यावर किती चर्चा झाली? आणि मुंबई, ती पण बेटच ना, तिथे 1888 च्या कायद्यापासून खरी सत्ता आयुक्ताकडे, महापौर सभा चालवतो. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता. कारभार चालूच राहिला म्हणतात लोक. पोर्टो रिकोमधले गावं जोडणारे पण हेच म्हणतात, कारभार चालेल. कारभार चालेल हो, पण गाऱ्हाणं घेऊन जायचं कोणाकडे?

सप्टेंबर 2022 मध्ये फियोना वादळ आलं, परत सगळ्या बेटाचे लाईट गेले. मी तेव्हा पुण्यात होतो. शेजारच्या आजीला फोन लावत होतो, तिसऱ्या दिवशी लागला. गावात मेयर बदललेला होता, आणि या नवीन मेयरला तिने मत दिलेलं नव्हतं, तो तिला आवडतही नाही, त्याच्या गाडीच्या काचा काळ्या आहेत म्हणून. मी विचारलं इन्सुलिनचं काय. म्हणाली अल्काल्दियाच्या फ्रिजमध्ये आहे, नाव लिहून ठेवलंय. आणि मग म्हणाली, उद्या सकाळी आठला जाते आणि त्या काळ्या काचवाल्याला विचारते, वरच्या गल्लीतल्यांना ताडपत्री अजून का नाही दिली.